‘वेअर रेझिस्टन्स’ला काय म्हणावं? झीजरोध, झीजप्रतिकार की आणखी काही?

फोंड्याहून:
मंडळी, गावच्या वाचनालयात विज्ञान दिनाला वीस मिनिटं मराठीतून बोलायचं आहे. विषय माझ्याच प्रबंधाचा, सिव्हिअर प्लॅस्टिक डिफॉर्मेशन, म्हणजे धातू न तोडता जबरदस्त दाबून त्याचे आतले दाणे बारीक करणं. शीर्षक केलं: ‘तीव्र प्लॅस्टिक विरूपणाने निर्मित अतिसूक्ष्मकणी धातूंचा झीजरोध’. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘बादल्यांबद्दल आहे का गं?’ काहीतरी सुचवा.

डिचोलीहून:
आईंचं बरोबर आहे. ‘प्लॅस्टिक’ला परिभाषेत ‘आकार्य’ आहे, पण वाचनालयात तोही शब्द कुणाला कळायचा नाही. ‘रोध’ म्हटला की मुलांना विद्युतरोध आणि ओहम आठवतात. ‘रोगप्रतिकार’ रुळलेला आहे, त्या चालीवर ‘झीजप्रतिकार’ पचेल. लेखनाचं बघा: झीज दीर्घ, पण झिजणे, झिजेचा ऱ्हस्व, वीज-विजेचा तसंच.
‘कण’ मात्र मला खटकतो. कण म्हणजे सुटा, धुळीचा. धातूतले दाणे एकमेकांना घट्ट बिलगलेले असतात ना? मग ‘रवा’ घ्या. तूप रवाळ असतं, सांज्याला जाड रवा लागतो. ‘बारीक रव्याचा धातू’ म्हटलं की स्वयंपाकघरातल्या माणसालाही चित्र दिसतं. आणि प्रक्रियेला ‘तिंबणे’.

वास्कोहून:
माझी हयात बार्जच्या दुरुस्तीत गेली. आमच्या वर्कशॉपात ‘झीज’ कुणीच म्हणत नाही. शाफ्टनं बुश (तो ज्यात फिरतो ते कडं) खाल्ला, टायर घासला, बोल्टचे आटे गेले. प्रत्येक जाणं वेगळं, म्हणून शब्दही वेगळा.
दुसरं असं, की बुश आम्ही मुद्दाम मऊ धातूचा घालतो. झिजायचं ते त्यानं, शाफ्टनं नाही. बुश बदलायला सोपा. मग तुमचा तो झीजप्रतिकार नेमका कुणाचा मोजायचा? आणि टणक म्हणजे टिकाऊ असंही नाही. खडीच्या क्रशरचे जबडे मँगनीज पोलादाचे असतात. नवे असताना ते फारसे टणक नसतात, दगडाचे फटके खाऊन वरचा थर टणक होतो.

फोंड्याहून:
वास्कोच्या काकांनी माझ्या प्रबंधातलं सगळ्यात नाजूक प्रकरण दोन ओळींत उघडं केलं! ते पोलाद हॅडफील्डचं, 1882 सालचं, सुमारे 12 टक्के मँगनीजचं.
माझ्या धातूंचं असं. एक पद्धत सेगल यांनी 1970 च्या दशकात मिन्स्कमध्ये काढली. साच्यात दोन सारख्याच मापाच्या नळ्या काटकोनात जुळवलेल्या. दांडी एका नळीतून रेटायची, कोपऱ्यावर ती आतल्या आत घसरून वळते आणि दुसरीतून बाहेर येते. आत शिरताना जेवढी जाड, बाहेर येताना तेवढीच! म्हणून तीच दांडी पुन्हा पुन्हा घालता येते, चार वेळा, आठ वेळा. पत्रा लाटताना तो पातळ होत जातो, इथे तसं होत नाही. आधी दहा-वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असलेला रवा एका मायक्रॉनच्याही खाली येतो. हॉल आणि पेच यांच्या नियमाप्रमाणे रवा जितका बारीक तितकी धातूची ताकद, आणि तिच्याबरोबर टणकपणा, जास्त. आणि आर्चर्डच्या 1953 च्या सूत्राप्रमाणे टणकपणा वाढला की झीज कमी. दोन्ही जोडले की वाटतं, काम फत्ते.
पण चाचणीत निकाल कधी सुधारलेला, कधी जैसे थे, कधी उलट वाईट. एक कारण असं, की कोरडं घासताना साध्या धातूचाही वरचा थर चुरडून बारीक रव्याचा होतो. म्हणजे जे मी साच्यात आधी करून ठेवलं, ते घर्षण स्वतःच करतं, मग माझ्या मेहनतीचा फायदा कुठे उरला? शिवाय बारीक रव्याच्या धातूची आणखी कठीण होण्याची कुवत आधीच बरीचशी संपलेली असते. काकांचा जबडा फटके खाऊन टणक होतो, माझी दांडी आधीच फटके खाऊन बसलेली.

मडगावहून:
‘तिंबणे’ मला पटत नाही. तिंबलेली कणीक मऊ होते, तुमचा धातू टणक. शिवाय ‘कणीक तिंबणे’ म्हणजे बदडून काढणे. तांबट भाण ठोकून टणक करतात, त्याला ‘मठारणे’ हा तयार शब्द आहे.

डिचोलीहून:
मठारणं वरवरचं. इथे आतून ढवळलं जातंय, म्हणून तिंबणंच. बदडण्याची छटा आली तरी बिघडलं काय? धातूला बदडतातच की. आणि आता वाटतं, ‘झीजप्रतिकार’ही नको. तो शब्द असं भासवतो की हा धातूच्या अंगचाच गुण आहे. काकांच्या बुशाचं ऐकल्यावर तसं म्हणवत नाही. मराठीत सरळ क्रियापद वापरावं: कोण, कशावर, किती झिजतं.

वास्कोहून:
आणि वंगण होतं की नव्हतं, तेही.

फोंड्याहून:
नवं शीर्षक: ‘तिंबून बारीक रवाचा केलेला धातू कशावर किती झिजतो?’ आई म्हणते, हे चालेल, पण शिऱ्याचं बोलणार असं वाटतंय.

डिचोलीहून:
‘रव्याचा’ लिहा. ‘रवाचा’ नको.