तिळ्या मुलांचे खाते आई-वडिलांनी चालवावे का?

इन्स्टाग्रामवर तान्ह्या तिळ्यांची खाती पाहिली की मला दिऑन बहिणी आठवतात. २८ मे १९३४ रोजी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात जन्मलेल्या या पाच बहिणींना तिथल्या सरकारने आई-वडिलांकडून काढून घेतले, घरासमोरच त्यांच्यासाठी वेगळी वास्तू उभारली, आणि त्या खेळत असताना त्यांना पाहायला काही वर्षांत लाखो लोक येऊन गेले. त्यांची छायाचित्रे ओट्सच्या आणि साबणाच्या जाहिरातींत झळकली. हयात असलेल्या तिघी बहिणींना ओंटारिओ सरकारने भरपाई दिली ती १९९८ साली, म्हणजे त्यांची साठी उलटल्यावर. एकाच वेळी जन्मणे हा मुलांचा पराक्रम नव्हे. त्यावर त्यांच्या नकळत प्रसिद्धी उभी करणे मला अन्यायाचे वाटते, म्हणून मुले जाणती होईपर्यंत असे सार्वजनिक खाते काढूच नये, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १ (तिळ्या मुलींची आई)
ही तुलना मला मान्य नाही. त्या मुलींना आईपासून तोडले होते. माझ्या मुली माझ्या कुशीत आहेत. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मल्यामुळे त्या तिघी बावीस दिवस अतिदक्षता विभागात होत्या, आणि घरी आल्यावर तिघींना दर तीन तासांनी दूध कसे पाजायचे, हे सांगणारे आमच्या नात्यागोत्यात कोणीच नव्हते. ते मला अशाच खात्यांवरच्या आयांनी शिकवले. पुढे मीही खाते काढले आणि त्यातून थोडे उत्पन्न येऊ लागले. तिघींचे डायपर, लसी आणि शाळेची फी एकाच वेळी भरावी लागते, तेव्हा त्या पैशाचा आधार काय असतो, हे बाहेरून कळत नाही.

प्रतिसाद २
ताई, आपले कष्ट कोणी नाकारत नाही. प्रश्न पैसा कोणाचा, हा आहे. आपल्याकडे बालमजुरी कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून अधिक काम करून घेता येत नाही आणि त्याच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. परंतु हे नियम निर्मात्याला गृहीत धरून लिहिलेले आहेत. आईच निर्माती आणि घरच चित्रीकरणस्थळ असेल, तर तास मोजणार कोण? फ्रान्सने २०२० सालीच यासाठी कायदा केला, आणि तिथे मूल स्वतःची चित्रफीत काढून टाकण्याची मागणी पालकांच्या संमतीशिवाय करू शकते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४ पासून अशा उत्पन्नातील मुलांचा वाटा राखून ठेवावा लागतो. मला त्यातला हक्क पैशापेक्षा मोठा वाटतो तो चित्रफीत पुसण्याचा.

प्रतिसाद ३ (जुळ्यांपैकी एक)
मी पैशाविषयी बोलणार नाही. आम्हा दोघी बहिणींना लहानपणी प्रत्येक लग्नकार्यात शेजारी उभे करून ‘यातली गोरी कोण, हुशार कोण’ असे विचारले जाई, आणि ते ऐकणारे फार तर पन्नास जण असत. तिळ्यांच्या चित्रफितींखाली हीच तुलना हजारो अनोळखी माणसे करतात आणि ती लिहिलेली राहते. तिघींपैकी जिला कमी पसंती मिळते, ती दहा वर्षांनी ते वाचेल. मात्र सरसकट बंदीही मला पटत नाही. अमेरिकेतील स्टर्निओलो तिळ्या भावांचा जन्म २००३ चा, आणि त्यांनी २०२० मध्ये, कळत्या वयात, स्वतः यूट्यूबवर पाऊल ठेवले. तिथे माझा आक्षेप नाही.

प्रतिसाद ४ (तिळ्या मुलींची आई)
खाते मी बंद करणार नाही, कारण रात्री दोन वाजता घाबरून प्रश्न विचारणाऱ्या आया आजही तिथेच येतात. पण ‘ओळखा पाहू, कोण कोणती’ या मालिकेला सर्वाधिक प्रेक्षक होते, ती आज मी काढून टाकली आहे, आणि तिघींच्या नावे तीन स्वतंत्र खाती उघडण्यासाठी सोमवारी बँकेत जात आहे.