तेलाचा रिपोर्ट नॉर्मल आहे, मग इंजिन उघडायचं कशाला?

परभणीचा_सेकंड

जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे, सुट्टीवर गावी आलोय. जहाजावरचा एक वाद अजून डोक्यातून जात नाही, म्हणून इथं टाकतो. आपल्या भागात समुद्र नसला तरी डिझेल कळणारी माणसं भरपूर आहेत.

जनरेटरचे १२,००० तास भरत आले की पीएमएसमध्ये (देखभालीच्या वेळापत्रकात) ओव्हरहॉल लाल दिसायला लागतो. हेड काढा, पिस्टन ओढा, बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची) बेअरिंगं बदला. तेलाचा रिपोर्ट काय म्हणतो, हे कुणी विचारत नाही. नमुना लॅबला नेमानं जातो. त्यातलं लोखंड मुख्यतः लायनरचं, क्रोमियम रिंगांचं, शिसं आणि कथील बेअरिंगचं. सोडियम वाढलं तर खारं किंवा कूलिंगचं पाणी शिरतंय, व्हॅनेडियम दिसलं तर हेवी फ्युएल तेलात उतरतंय. हे सगळे आकडे वर्षभर सपाट, व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) आणि बीएन (तेलाची ॲसिड मारायची ताकद) जागेवर, तरी नीट चालणारं इंजिन उघडायचं? उघडताना एक बोल्ट कमी ताणला गेला, बेअरिंगमागं एक कण राहिला, की धडधाकट मशीन आजारी.

विमानवाल्यांनी हे १९७८ मध्येच लिहून ठेवलंय: बहुतेक भागांचा बिघाड वयाशी बांधलेला नसतो. आपण अजून तास मोजत बसलोय.

निवृत्त_बडासाब (नांदेड)

विमानात तुझ्यासारखं हेवी फ्युएल जाळत नाहीत, बाळा. रिंगा आणि लायनर तासांबरोबर झिजतातच, त्यासाठी अहवाल नको.

आता लॅबचं. स्पेक्ट्रोमीटरला पाच-आठ मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत. झीज हळूहळू असते तेव्हा कण बारीक असतात, आकडा खरा येतो. पण बेअरिंगचा थर सोलायला लागला की तुकडे मोठे पडतात, ते फिल्टरमध्ये किंवा सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) तळाशी जातात आणि रिपोर्ट 'नॉर्मल'च येतो. फेरोग्राफी (मोठे कण सूक्ष्मदर्शकाखाली बघायची चाचणी) मागवली होती का? नसेल तर निदान फिल्टर उघडून फडक्यावर झटकून बघत जा.

दुसरं, मेन इंजिनच्या सम्पमध्ये हजारो लिटर तेल. एका बेअरिंगची झीज त्यात म्हणजे विहिरीत टाकलेली चिमूटभर हळद. शिवाय टू-स्ट्रोक क्रॉसहेड इंजिनात लायनरची झीज सिस्टिम ऑइलमध्ये फारशी येत नाही, मध्ये स्टफिंग बॉक्स (पिस्टन रॉडभोवतीचं सील) आहे. ती सिलिंडर ऑइलबरोबर खाली निथळते.

आणि दर महिन्याला किती तेल ओतलंस? नवं तेल ओतलं की लोखंड खाली, बीएन वर. झीज होती तेवढीच. तुझी सपाट रेघ त्यातूनही येऊ शकते.

जालना_डिझेल

आमच्याकडं कोण तेल तपासायलंय? ट्रॅक्टरला २५० तासाला तेल बदललं की विषय संपला. सात-आठ लिटर तेल आणि त्याला लॅबचा खर्च, शेतकरी हसंल. कापसाच्या रानातली धूळ एअर फिल्टरमधून आत गेली की काय होतं ते ब्रीदरच्या धुरावर कळतं.

पण तुमचं चाललेलं वाचून एक विचारतो. तेलावर भरोसा नाही, तर न उघडता रिंगा गेल्याचं जहाजावर कळतं कसं?

निवृत्त_बडासाब (नांदेड)

इंडिकेटर कार्डावरून, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाच्या आलेखावरून, दादा. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन प्रेशर आणि पीक प्रेशर घ्यायचं. कॉम्प्रेशन ठीक आणि पीक कमी, एक्झॉस्ट गरम, म्हणजे इंजेक्टर, फ्युएल पंप नाहीतर टायमिंग. कॉम्प्रेशनच पडलं तर रिंगा, लायनर किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. मात्र घाई करायची नाही, स्कॅव्हेंजची (सिलिंडरमध्ये भरायची) हवाच कमी असेल तरी कॉम्प्रेशन पडतं. म्हणून कॉम्प्रेशन आणि स्कॅव्हेंज, दोन्ही दाबांत वातावरणाचा एक बार मिळवून पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. सगळ्या सिलिंडरांचा भागाकार जागेवर असेल तर टर्बोचार्जर, एअर कूलर बघा. एकाचाच पडला तर त्या सिलिंडरमध्ये गळती. हे त्याच दिवशी कळतं. लॅबचा कागद येईपर्यंत जहाज दुसऱ्या खंडात.

परभणीचा_सेकंड

साहेब, कार्ड मलाही काढता येतं. पण रीडिंग कोणत्या लोडवर? समुद्र खवळलेला, तळाला शेवाळ चढलेलं, तर मागच्या महिन्याशी तुलना कशी करायची? शॉप ट्रायलच्या (कारखान्यातल्या पहिल्या चाचणीच्या) वक्राशी जुळवायला तापमानाची दुरुस्ती करावी लागते, ती किती जण करतात? आणि बेअरिंग झिजतंय हे कार्डावर कुठं दिसतं?

तुमच्या तासांच्या हिशोबाला बंकर (जहाजात भरलेलं इंधन) कळत नाही, हेही सांगतो. खराब इंधनात कॅट फाइन्स आले, म्हणजे रिफायनरीच्या कॅटॅलिस्टचे ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे कण, तर ओव्हरहॉलची तारीख यायच्या कितीतरी आधी लायनर खलास होतो. आयएसओ ८२१७ हे इंधनाचं मानक जहाजावर येणाऱ्या हेवी फ्युएलमध्ये हे ६० पीपीएमपर्यंत चालवून घेतं, इंजिनाच्या तोंडाशी मात्र १५ च्या खाली हवेत. इंधन साफ करणारा प्युरिफायर नीट चालला नाही तर? २०२० पासून सल्फर ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आलं, सिलिंडर ऑइलचं बीएन बदललं, फीड रेट (ते तेल सोडायचं प्रमाण) नव्यानं बसवावा लागला. तेव्हा स्क्रेप-डाउनच्या (सिलिंडरखाली निथळलेल्या तेलाच्या) नमुन्यातलं लोखंड आणि उरलेलं बीएन यांनीच दिशा दाखवली. ॲसिड खातंय की कण घासतायत, हे तासांवरून कळलं असतं का?

वाळूज_मेंटेनन्स

दोघंही मूळ गोष्ट सोडून बोलायलेत. नमुना घेतला कुठून? मी कारखान्यात हाच धंदा करतो. निम्मे 'अबनॉर्मल' रिपोर्ट बाटलीचे असतात, मशीनचे नाही. ड्रेन प्लगमधून घेतला तर गाळ आला, फिल्टरनंतर घेतला तर पुरावाच गेला. चालत्या इंजिनावर, तेल गरम असताना, फिल्टरच्या आधीच्या एकाच कॉकमधून, पहिलं थोडं तेल सांडून घ्यायचा. हे होत नसेल तर तुमचा ट्रेंड म्हणजे नमुना घेणाऱ्याच्या मूडचा ट्रेंड.

निवृत्त_बडासाब (नांदेड)

वाळूजवाल्यांशी सहमत. अजून एक: २३ मार्च २०१९, नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ 'वायकिंग स्काय' हे प्रवासी जहाज वादळात वीज जाऊन अंधारात गेलं, वर तेराशेहून जास्त माणसं. सम्पमध्ये तेलाची पातळी कमी होती, जहाज डोलायला लागल्यावर पंपाला तेल मिळेना, जनरेटर ट्रिप. तेल लॅबमध्ये कितीही शुद्ध ठरलं असतं तरी उपयोग काय?

परभणीचा_सेकंड

हे उदाहरण माझ्याविरुद्ध कसं? ओव्हरहॉल केला असता तरी तेच झालं असतं. डिपस्टिक बघायला मी कधी नाही म्हटलं?

निवृत्त_बडासाब (नांदेड)

ठीक, हे उदाहरण मागं घेतो. पण क्लासचा (जहाज तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा) सर्व्हेअर तुझ्या शब्दावर मुदत वाढवणार नाही, त्याला कागद लागतो. तर असं कर. नमुन्याबरोबर रनिंग अवर्स आणि टॉप-अप लिहायला लाग. मग एकच युनिट (सिलिंडर) उघड. लायनर, रिंगा, बेअरिंग मोज आणि ती मापं रिपोर्टशी आणि कार्डाशी ताडून बघ. जुळली तर बाकीच्या युनिटांबद्दल बोलू.

परभणीचा_सेकंड

आणि जुळली, तर बाकीची उघडायला लावणार नाही, असं लिहून देता?

निवृत्त_बडासाब (नांदेड)

लिहून काही देत नाही.

जालना_डिझेल

😂 साहेब, तो भागाकार ट्रॅक्टरला टर्बो असंल तर चालतो का तेवढं सांगा. उद्या एक उघडायचाय.