पाळी आली नसली तरी दिवस राहू शकतात

ताई, गर्भपातानंतर पाळी सुरू व्हायच्या आधी संबंध आले तर दिवस राहतील का, असं विचारलंत. हो, राहू शकतात. गर्भपातानंतर २ आठवड्यांतही बीज सुटू शकतं. पाळी मात्र साधारण ४ ते ६ आठवड्यांनी येते. इतक्यात नको असेल तर कंडोम वापराच. रक्तस्राव पूर्ण थांबेपर्यंत संबंध, टॅम्पॉन, कप काहीच नको. थांबल्यावरही मन होत नसेल तर सरळ नाही म्हणा, नवऱ्याला थांबता येतं! ताप, घाण वास, तासाला २ पॅड भिजणं, यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा. आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने कामावर जायची एवढी घाई कशाला? गर्भपातानंतर कायद्याने ६ आठवड्यांची पगारी रजा आहे. डॉक्टरांचा दाखला जोडून मागा, एचआर सहसा आपणहून सांगत नाही.