वाळवंटातलं जलविज्ञान शिकून आष्टीच्या खडकात काय उपयोग?

आष्टीची_लेक

नमस्कार. मी कृषी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. पुढे जलविज्ञानात एमएस करायचंय आणि अमेरिकेतल्या टूसॉनच्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाचा विचार चाललाय. घरातून मात्र एकच सवाल येतो: "तिथं वाळवंट, इथं काळा पाषाण. शिकून आलीस तरी आपल्या शिवारात त्याचं काय करणार?"

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आठ वर्षांत चार बोअर घेतले. शेवटचा सहाशे फूट गेला आणि नुसता फुफाटा निघाला. पैसे गेले ते गेलेच, पण पाणी का लागलं नाही हे एकालाही सांगता आलं नाही. मला तेच शिकायचंय. तिकडे शिकलेलं कुणी असेल तर सांगा, तिथलं नेमकं काय इकडे लागू पडतं?

माणकाठचा

ताई, मी सांगोल्याचा. टूसॉनलाच जलविज्ञान शिकलो, इथे येऊन सहा वर्षं झाली. तुमच्या घरच्यांचा सवाल रास्त आहे.

आधी जे लागू पडत नाही ते सांगतो. टूसॉन डोंगरांच्या मधल्या सखल भागात वसलंय आणि तो भाग शेकडो फूट वाळू-रेतीने भरलेला आहे. कोलोरॅडो नदीचं पाणी सुमारे ५४० किलोमीटरच्या कालव्यातून उपसत इथवर आणतात, उथळ तळ्यांत सोडून जमिनीत मुरवतात आणि पुन्हा विहिरींतून काढतात. आपल्याकडे असं तळं केलं तर पाणी वरच्या मुरमात आणि भेगाळलेल्या खडकात जिरेल, खालच्या अखंड पाषाणात नाही. इथली योजना जशीच्या तशी उचलून गावी नेणारा फसणार.

लागू पडतो तो हिशेब. टूम्बस्टोन गावाजवळ वॉलनट गल्च नावाचं पाणलोट क्षेत्र आहे, सुमारे १५० चौरस किलोमीटरचं. अमेरिकेच्या कृषी खात्याचे संशोधक १९५०च्या दशकापासून तिथे पाऊस आणि पूर मोजतायत. एवढ्याशा भागात ८०हून जास्त पर्जन्यमापक! कारण उन्हाळी पाऊस इथेही वळवासारखाच: एका टेकडीवर कोसळतो, शेजारची टेकडी कोरडी. वर आलेला लोंढा कोरड्या ओढ्याच्या वाळूतून जाताना लहान लहान होत जातो, कधी खालच्या मोजणीच्या जागेपर्यंत पोचतच नाही. तो कुठे गेला? वाळूत मुरला, आणि किती मुरला ते वरच्या-खालच्या मोजणीतून काढता येतं. ती आकडेमोड पहिल्यांदा शिकलो तेव्हा मला माण नदी आठवली. लहानपणी आम्ही तिच्या वाळूत झिरे खणून पाणी भरायचो. नंतर वाळू उपसली गेली, विहिरी आटल्या. सगळ्या गावाला कारण माहीत होतं, पण किती पाणी मुरायचं हा आकडा कुणाकडेच नव्हता, म्हणून कुणापुढे मांडताही आला नाही.

दुसरी गोष्ट झाडांच्या वलयांची, म्हणजे खोडात दरवर्षी पडणाऱ्या कड्यांची: ओल्या वर्षी जाड, कोरड्या वर्षी बारीक. १९२२ साली सात राज्यांनी कोलोरॅडोचं पाणी वाटून घेतलं. हाताशी नोंदी थोड्या वर्षांच्या, आणि ती वर्षं नेमकी भरपूर पाण्याची. टूसॉनला अँड्र्यू डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये स्थापन केलेली वृक्षवलय प्रयोगशाळा आहे. १९७६ मध्ये स्टॉकटन आणि जेकबी यांनी वलयांवरून नदीचा शेकडो वर्षांचा प्रवाह काढला आणि कळलं की नदीत इतकं पाणी सहसा नसतंच. वाटणी आधी, मोजणी मागून. आपल्या सागालाही वार्षिक वलयं असतात आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत त्यांवर काम झालंय.

आणि बायोस्फिअर २ हे विद्यापीठाचं संशोधन केंद्र नक्की बघा. काचेच्या छपराखाली तीन कृत्रिम उतार, प्रत्येक ३० मीटर लांब, ११ मीटर रुंद, १ मीटर जाड. त्यात माती कसली, तर दळलेल्या बेसाल्टची, म्हणजे आपल्याच काळ्या पाषाणाच्या जातीची! वरून पाऊस पाडतात आणि अख्खा उतार वजन करतात, कारखान्यावर उसाची गाडी काट्यावर घालावी तसा. आत किती पाणी थांबलं ते वजनावरून कळतं.

अर्ज करण्याआधी संख्याशास्त्र पक्कं करा, आणि ज्यांच्या हाताखाली काम करावंसं वाटतं त्या प्राध्यापकांना थेट लिहा.

निवृत्त_भूजलवाला

माणकाठचे भाऊ म्हणतात ते पटतं, पण मुली, तुझा प्रश्न चौथ्या बोअरचा आहे आणि त्याचं उत्तर गावातच आहे. आपला खडक थराथराचा. मांजऱ्या खडकाच्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्या तर तो पाणी देतो, अखंड काळा पाषाण फक्त भेगेतून देतो. सहाशे फुटांत भेग भेटली नाही तर फुफाटाच निघणार. खोल गेलं की पाणी लागतंच, हा आपल्याकडचा सगळ्यात महाग गैरसमज आहे. मी तीस वर्षं शेतकऱ्यांना हे सांगत आलो, आणि तरी रात्रीतून गाड्या लागायच्या.

जाण्याआधी एक काम कर. गावातल्या उघड्या विहिरींची पाणीपातळी दर पंधरवड्याला मोज. काठावर रंगाची खूण कर आणि दर वेळी तिथूनच माप घे. कापल्या जागी खडकाचे थर दिसतात, तेही लिहून ठेव. प्राध्यापकांना लिहिशील तेव्हा ही वही तुझ्या गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलेल.

आष्टीची_लेक

दोघांचे मनापासून आभार. माणकाठच्या दादांचं उत्तर मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. उसाच्या काट्याशी ते थांबले आणि म्हणाले, परत वाच.

काका, आमच्या वस्तीवर सात विहिरी आहेत. दोनांत गाळ भरलाय, उन्हाळ्यात कुणी बघतही नाही. त्याही मोजायच्या का?

निवृत्त_भूजलवाला

पावसाळ्यात तळाला पाणी दिसतं ना? मग मोज. कोरडी असेल त्या दिवशी तारीख घालून "कोरडी" असंच लिही, रकाना रिकामा सोडू नकोस.