आमच्यानंतर मुलाचं कसं? सुरुवात कुठून करावी?

प्रश्न
मुलगा ३१ वर्षांचा. बौद्धिक अपंगत्व आणि अपस्मार (आकडी, म्हणजे फिट येण्याचा आजार), बोलणं मोजक्या शब्दांचं. औषधं, जेवण, झोप हे सगळं फक्त आम्हा दोघांना ठाऊक. धाकटी बहीण 'मी बघेन' म्हणते. आधी काय करावं: इच्छापत्र, पालकत्व की निवासी संस्था?

उत्तर १
आधी काळजीची वही लिहा. पहिलं पान आणीबाणीचं: निदान, ॲलर्जी आणि प्रत्येक औषधाचं मूळ नाव (कंपनीचं नाव बदलत राहतं), मिलिग्रॅम, वेळ, गोळी कशी गिळतो. सावकाश विरघळणारी गोळी असेल तर 'कुस्करू नका' असं ठळक लिहा. नवा माणूस सोय म्हणून कुस्करतो आणि सगळा डोस एकदम अंगात जातो. डोस चुकल्यास काय करायचं, ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

आकडी नेहमी कशी येते, किती वेळ टिकते, हेही हवं. कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही. ५ मिनिटांच्या वर चालली, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर रुग्णवाहिका.

दुखणं तो कसं दाखवतो, यावर वेगळं पान द्या. डोकं आपटणं, जेवण नाकारणं हे 'त्याचं असंच असतं' म्हणून सोडून दिलं जातं आणि मागे दात, कान किंवा बद्धकोष्ठता निघते. बरा असताना तो कसा असतो हेही लिहा, नाहीतर नव्या डॉक्टरांना त्याची गुंगीच नेहमीची वाटेल.

उत्तर २
वही चालवून पाहा. बहिणीने एक दिवस फक्त वहीवरून सांभाळायचं. तुम्ही घरात, पण हात लावायचा नाही. जिथे तिला विचारावं लागेल तिथे वही अपुरी. मग एक रात्र, मग दोन दिवस, मग आठवडा. आई किंवा वडील आजारी पडले त्याच दिवशी पहिल्यांदा घर सुटलं, तर माणूस, जागा आणि दिनक्रम तिन्ही एकदम जातात. हे टाळणं सगळ्यात महत्त्वाचं.

संस्था बघताना विचारा: रात्री किती कर्मचारी जागे असतात? औषधाची नोंद कोण करतं? माणसं किती वर्षं टिकतात? न कळवता आलो तर चालेल का? शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर पुढे जाऊ नका.

उत्तर ३
बहिणीचं 'बघेन' कशासाठी, ते एकेक विचारा: सोबत राहणं, पैसे बघणं की आठवड्याला भेट? पैसे आणि रोजची काळजी एकाच हाती देऊ नका, दोन्हींसाठी पर्यायी नाव ठेवा. वारसा थेट मुलाच्या नावावर करण्याआधी वकिलाला विचारा. काही ठिकाणी त्यामुळे सरकारी मदत थांबते. विश्वस्त निधीने (ट्रस्ट: पैसे मुलासाठी, पण सांभाळणारे दुसरे) तो प्रश्न बऱ्याचदा सुटतो. १८ पूर्ण झाल्यावर बहुतेक देशांत आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, तेव्हा आत्ताची स्थिती तपासा. पूर्ण पालकत्व मागण्याआधी मर्यादित पालकत्व (फक्त ठरावीक बाबींपुरतं) किंवा निर्णयात मदतीची सोय (निर्णय त्याचाच, समजून घ्यायला सोबत कोणीतरी) आहे का, तेही बघा. आणि त्यालाही विचारा. कोणासोबत, कोणती खोली, हे फोटो दाखवून विचारता येतं. एकाच दिवसाच्या उत्तरावर जाऊ नका, पुन्हा पुन्हा दाखवा.