जुन्या डब्ब्याची गाण्याची पेटी बनवायची आहे, कोनी केलं काय?

पऱ्हाटीवाला (दर्यापूर तालुका)

नमस्कार राजेहो. घरी एक जुना कंप्युटर पडून आहे, मी गावात सेतू केंद्र चालवत होतो तेव्हाचा. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. मॉनिटर गेला, बाकी डब्बा टकाटक चालते. भंगारवाला दीडशे रुपये देतो म्हणते, म्हटलं राहू दे बापा, तुह्या ठेल्यावर टाकण्यापेक्षा घरात ठेवतो.

गोष्ट अशी आहे का आमच्या बाबांजवळ कॅसेटी आहेत दोन पिपे भरून. तुकडोजी महाराजांची खंजेरीवरची भजनं, सप्त्यातली कीर्तनं, अन् बरीचशी आपल्याच गावच्या भजन मंडळाची, बाबांनी सोताच्या टेपवर भरलेली, त्यातले अर्धे मानसं आता राहिले नाईत. टेप बंद पडून साल झालं. मोबाईलवर भजनं लावून देल्ली तं मंधातच जाहिरात लागते, बोट एकीकडे लावाले जातेत अन् उघडते भलतंच, मंग माह्यावर चिडतेत.

मले असं पाह्यजे का एक खटका दाबला का भजन सुरू. बस. नेट नाई पाह्यजे, आमच्या इथं गच्चीवर चढल्याबिगर रेंज येत नाई. लाइनचं तं तुमाले सांगाची गरज नाई, दिवसातून कितीक खेपा जाते, आली का पेटी आपोआप सुरू झाली पाह्यजे. मॉनिटर घ्याची इच्छा नाई. होते काय असं, का उगाच डोक्याले ताप?

—

बिनधास्त_बुलडाणा

कायले एवढा कुटाणा करता भाऊ, पेनड्राइव्ह लागणारा ब्लूटूथ डब्बा घ्या हजार-दीड हजारात, गाणे टाका, झालं. चार्जिंग बी होते, लाइन गेली तरी वाजते.

—

पऱ्हाटीवाला

घेतला होता ना भाऊ. पेनड्राइव्हमधे तीनशे गाणे, पुढं-मागं करायची दोनच बटनं, तेही दिसत नाईत एवढी बारीक. बाबाले पाह्यजे हरिपाठ, तो वाजवते लेकराइचे डीजेचे गाणे. अन् पिप्यातल्या कॅसेटी त्या डब्ब्यात कशा जातीन, ते बी सांगा.

—

वायरमन_आर्वी

होते, शंभर टक्के होते. पण आधी माझं ऐका, दोन कामं वेगळी करा. कॅसेट उतरवणं एक काम आहे आणि रोज वाजवणं दुसरं. तुमचा डब्बा पहिल्या कामाला एक नंबर, कारण डेस्कटॉपच्या मागे निळं भोक असतं, लाइन-इन, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायचं, स्टिरिओ. लॅपटॉपला बहुतेक माइकचंच भोक देतात, तेही मोनो, त्यात टेपचा आवाज फाटतो.

रोज वाजवायला मात्र हा डब्बा मला पटत नाही. कोअर टू नुसता बसून ६०-७० वॅट खातो. रोज १० तास धरा, महिन्याला २० युनिट झाले, आणि घरगुती बिलात १०० युनिटच्या वर गेलं की दर वाढतो हे तुम्हाला माहीतच आहे. त्यापेक्षा तालुक्याच्या रिपेअरवाल्याकडे स्क्रीन फुटलेला लॅपटॉप विचारा, कोणी घेत नाही म्हणून स्वस्तात देतो. १५-२० वॅटमध्ये काम होतं, म्हणजे पाच-सहा युनिट. बॅटरीत थोडा जीव असेल तर लाइन गेल्यावर तीच इन्व्हर्टरचं काम करते. फुगलेली असेल तर मात्र काढून फेका, ती ठेवायची नाही.

एक मुद्दा टेपचा. दुसऱ्याचा टेप मागून आणू नका, बाबांचाच दुरुस्त करा. घरी भरलेली कॅसेट ज्या टेपवर भरली त्याच टेपवर सगळ्यात साफ वाजते, कारण त्याचं हेड, म्हणजे पट्टी वाचणारा भाग, जसं वाकडं-सरळ बसलेलं असेल तशीच ती भरली जाते. दुसऱ्या टेपवर लावली की आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो आणि लोक समजतात कॅसेट खराब झाली. बाहेरच्या, दुकानातून घेतलेल्या कॅसेटी दबलेल्या वाजल्या तर हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू बारीक पेचकसने अगदी थोडा फिरवून झांज कुठे खणखणीत येते ते कानाने पाहायचं. पण आधी घरच्या कॅसेटी उतरवून घ्या आणि मगच त्या स्क्रूला हात लावा.

टेप बंद पडला म्हणजे दहापैकी आठ वेळा बेल्ट गेलेला असतो, ढिला होतो नाहीतर चिकट डांबर होतो. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापूस लावून पुसा. खूप वर्षं पडलेली कॅसेट लगेच वाजवू नका, एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळा, पट्टी मोकळी होते. आणि ते पिपे टिनाखाली माळ्यावर असतील तर आजच खाली आणा, मे महिन्यात तिथे काय भट्टी होते ते सांगायला नको.

—

बर्डीवर_बसणारा (नागपूर)

वायरमनभाऊंचं लॅपटॉपचं बरोबर आहे, पण ज्याच्याजवळ डब्बा आहे त्याने आधी डब्ब्यावरच करून पाहावं, जमलं तर पुढे गाण्याचा फोल्डर उचलून लॅपटॉपमधे न्यायचा, डेस्कटॉपची मोठी हार्ड डिस्क लॅपटॉपमधे बसत नाही. सॉफ्टवेअरचं मी सांगतो.

विंडोज ७ ठेवू नका. नेट नाही म्हणून व्हायरसची भीती कमी आहे, ते जाऊ द्या, खरी कटकट लाइनची आहे. बूट होता होता लाइन गेली की पुढच्या वेळी तो स्टार्टअप रिपेअर काढून बसतो, मॉनिटर नसल्यावर बाबांना काय कळणार आत काय चाललं आहे. त्याच्या जागी डेबियन टाका, म्हणजे फुकटचं लिनक्स, डेस्कटॉपशिवाय, नुसता काळा स्क्रीन. कोअर टू ६४ बिटचा आहे म्हणून अडचण नाही. जुन्या ३२ बिटवाल्या पेंटियम ४ वर करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, डेबियन १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही, १२ घ्यावा लागेल. इन्स्टॉल करताना मॉनिटर पाहिजेच, घरच्या एलईडी टीव्हीच्या मागे व्हीजीएचं पोर्ट आहे काय पाहा, एका दिवसापुरतं भागतं.

गाणी वाजवायला एमपीडी, म्हणजे म्युझिक प्लेअर डीमन. त्याला स्क्रीनच लागत नाही, मागे बसून वाजवतो. आणि याचीच खरी मजा आहे, कुठलं गाणं कुठपर्यंत आलं होतं ते तो स्टेट फाइलमधे लिहून ठेवतो, मशीन पुन्हा चालू झालं की साधारण तिथूनच धरतो. तुमची लाइनची अट इथे अर्धी मिटली. उरलेली अर्धी बायोसमधे, म्हणजे डब्बा सुरू होतानाच्या सेटिंगमधे, तिथल्या पॉवर मॅनेजमेंटमधे जाऊन एसी पॉवर लॉसच्या पुढे पॉवर ऑन करा, म्हणजे लाइन आली की डब्बा बटन न दाबता सुरू. त्याच्याआधी मदरबोर्डवरचा सीआर २०३२ चा सेल बदला, जुना सेल मेला असेल तर ही सेटिंग विसरून जातो आणि मग तुम्ही आम्हाला शिव्या द्याल.

खटक्यासाठी यूएसबीचा नुसता नंबरचा कीपॅड घ्या, हिशेबवाले वापरतात तो. ट्रिगरहॅपी नावाचा छोटा प्रोग्राम आहे, कोणतं बटन दाबलं की कोणती कमांड चालवायची ते त्याला एका फाइलमधे लिहून द्यायचं. १ दाबलं की एमपीसीने, म्हणजे एमपीडीला हुकूम देणाऱ्या प्रोग्रामने, जुनी यादी साफ, हरिपाठाची यादी लोड, प्ले. २ ला भजनं, ३ ला कीर्तन. प्लस-मायनसला आवाज. नमलॉक चालू आहे की बंद याचाही त्याला फरक पडत नाही, तो थेट बटनाचा कोड वाचतो. लॅपटॉपवर गेलात तर झाकण लावल्यावर झोपू नये म्हणून झाकण-बटन सांभाळणाऱ्या लॉगइनडीच्या फाइलमधे लिड स्विचला इग्नोर करा, नाहीतर झाकण लावलं की पेटी बंद.

गाण्याचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग, वेगळं ठेवा आणि रीड-ओन्ली माउंट करा, म्हणजे नुसतं वाचता येईल असं जोडा, अचानक लाइन गेली तरी त्यातल्या फायलींना धक्का नाही. स्टेट फाइल दुसऱ्या पार्टिशनवर. आणि सगळ्याची एक कॉपी पेनड्राइव्हवर घालून कपाटात, मंडळाची भजनं पुन्हा मिळणार नाहीत.

—

झाडीपट्टीची_ताई (भंडारा)

मी सासूबाईंसाठी असंच केलंय, माझ्या भावाने करून दिलं, पण वापरायचं काय ते मला जास्त माहीत आहे म्हणून लिहिते. कीपॅडची सगळी बटनं ठेवूच नका. आम्ही पाच ठेवली आणि बाकीची पेचकसने उपटून काढली, खालच्या भोकांवर जाड टेप चिकटवला. मोठं एंटरचं बटन थांबा-चालूला दिलं, ते बोटाला आपोआप सापडतं. बाकीच्यांवर लाल नेलपेंटचे ठिपके, एक ठिपका हरिपाठ, दोन ठिपके गौळणी. अंधारातही नख फिरवलं की कळतं, नेलपेंट वाळल्यावर उंचवटा राहतो ना.

आणि दुसरं, प्रत्येक यादीच्या सुरुवातीला आपल्या आवाजात दोन शब्द भरून ठेवा. बटन दाबलं की माझी मुलगी म्हणते, आजी, हरिपाठ लावला, आणि मग सुरू होतं. चुकीचं बटन दाबलं गेलं तर लगेच समजतं, चष्मा शोधावा लागत नाही. सासूबाई तर कधी कधी नुसतं तेवढं ऐकायलाच बटन दाबतात.

फाइलींची नावं तेव्हाच्या तेव्हा लिहा हो. सीडीवरून काढलेली सगळी ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ होऊन बसतात, जुन्या एमपीथ्रीत तर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. फोल्डरलाच मराठीत नाव द्या, आतल्या टॅगच्या भरवशावर राहू नका. आणि आकडा टाकताना १ नाही ०१ लिहा, नाहीतर १ नंतर १० वाजतं आणि हरिपाठाचा क्रम बिघडला की आमच्याकडे घर डोक्यावर घेतात.

—

पऱ्हाटीवाला

ताई, नेलपेंटची आयडिया लय भारी. बाबांच्या मंडळातला एक मानूस अजून आहे, त्याच्याच आवाजात नावं भरून घेतो.

वायरमनभाऊ, दोन गोष्टी इचारतो. एक, कॅसेट भरताना सेटिंग काय ठेवू? दुसरं, डब्बा मंडळाच्या जुन्या अँप्लिफायरले जोडून पाह्यला तं भुंग्यावानी हूं हूं आवाज येऊन राहिला, अन् डब्ब्याच्या पत्र्याले हात लावला का झिनझिन्या येतेत.

—

वायरमन_आर्वी

झिणझिण्या येतात म्हणजे अर्थिंग नाही, आधी ते करा, गाणी मग. एसएमपीएसच्या, म्हणजे डब्ब्याच्या पॉवर सप्लायच्या, आत लाइनपासून पत्र्यापर्यंत फिल्टरचे कपॅसिटर असतात, अर्थ नसला की पत्र्यावर साधारण निम्मे व्होल्ट तरंगत राहतात. तोच करंट गाण्याच्या वायरीतून अँप्लिफायरमधे शिरतो आणि ५० हर्ट्झचा हूं हूं ऐकू येतो. टू पिनची पट्टी वापरत असाल तर फेकून द्या. खड्डा करून मीठ-कोळसा घातलेली अर्थिंग करून घ्या, तुमच्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीतच मीठ आहे म्हणा, पण काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थ कमजोर होते, आठवड्यातून बादलीभर पाणी टाकत जा. त्यानंतरही हूं हूं राहिला तर कंप्युटर आणि अँप्लिफायर एकाच बोर्डावर लावून पाहा. तरी नाही गेला तर मधे ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, दोन-तीनशेत मिळतो.

भरायला ऑडॅसिटी, आवाज रेकॉर्ड करायचा प्रोग्राम. हे विंडोज काढायच्या आधीच उरका. टेपच्या हेडफोनच्या भोकातून निळ्या भोकात वायर, टेपचा आवाज निम्म्यावर, आणि मीटर मोठ्यात मोठ्या आवाजाला उणे ६ डीबीच्या आसपास राहिला पाहिजे, शून्याला टेकला तर खंजेरीची थाप फाटते आणि ती नंतर सुधारत नाही. ४४१०० हर्ट्झ, १६ बिट. मिनिटाला १० एमबी जातात, म्हणजे तासाची कॅसेट ६०० एमबी. मूळ भरणी फ्लॅकमधे ठेवा, साधारण निम्म्यात बसते आणि आवाजातलं काही जात नाही, कॅसेटी पुन्हा वाजवायच्या राहतील की नाही सांगता येत नाही. वाजवायला एमपीथ्री केलं तरी चालतं, १२८ केबीपीएसला मिनिटामागे १ एमबी. घाई मात्र होत नाही, तासाच्या कॅसेटला तासच लागतो, भाजी निवडत बसा.

हो, डब्बा उघडाल तेव्हा धूळ काढायला पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने हवा मारली तरी चालते, फक्त पहिली हवा बाहेर सोडा, त्यात पाणी असतं, आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

—

पऱ्हाटीवाला

टेप उघडला. बेल्टचं खरंच डांबर झालं, बोटं काळी झाली सारी. तुकडे बी हाती नाई लागले, आता साइज कशी सांगू दुकानदाराले?

—

वायरमन_आर्वी

बेल्ट ज्या चाकांवरून जातो त्यांच्याभोवती शिवायचा दोरा तसाच फिरवा, गाठ मारा, तो दोरा मोजा आणि त्याच्यापेक्षा पाच-सात टक्के लहान बेल्ट मागा. त्याआधी चाकांवरचं डांबर अल्कोहोलने पूर्ण काढा, थोडं जरी राहिलं तरी नवीन बेल्ट सरकतो आणि भजन रडत वाजतं.