मदत हवी आहे: ८० मिमी फ्लॅंजच्या स्पिंडलवर १०० मिमीचा चार जॉ चक बसवायचा आहे

धागाकर्ता
लेथ ७×१२ (इंच) वर्गातला मिनी लेथ आहे, त्यावर ८० मिमीचा तीन जॉ चक (जॉब तीन जबड्यांत धरणारी पकड) आहे. आता के७२-१०० घेतलाय, म्हणजे प्रत्येक जॉ स्वतंत्र सरकणारा. तो स्पिंडलवर थेट बसत नाही.

स्पिंडल: फ्लॅंज ८०, मधला उंचवटा ५५ व्यासाचा, उंची साधारण ३. तीन आरपार भोके.
चक: मागची खाच ७२ व्यासाची, खोली ३.५. एम८ आट्यांची चार भोके.

भोकांचा पीसीडी (सगळ्या भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) नक्की कसा काढायचा? मधली प्लेट बनवावीच लागेल का? आणि जुन्या सामानात एक बिडाची बॅकप्लेट (चक आणि स्पिंडलच्या मधली प्लेट) आली आहे. आतल्या आट्यांचा बोअर २५.९, पुढे ३१.८ चा साधा भाग, पिच (शेजारच्या आट्यांमधलं अंतर) २ मिमी वाटते. ती चालेल का?

बीडतुकडा
पीसीडी मधून मोजायला जाऊ नका, तीन भोकांत समोरासमोर काही येतच नाही. शेजारच्या दोन भोकांच्या आतल्या कडांमधलं अंतर घ्या, मग बाहेरच्या कडांमधलं. दोन्हींची सरासरी म्हणजे केंद्रांमधलं अंतर. तीन भोकं असतील तर त्याला १.१५४७ ने गुणा, चार असतील तर १.४१४२ ने. तुमच्या स्पिंडलवर ५७.२ च्या जवळ आलं तर पीसीडी ६६, चकवर ५९.४ आलं तर ८४. या मापाच्या चकना हेच आकडे असतात.

पिच २ नाही. दहा आट्यांचं अंतर मोजा. २० ऐवजी २१.२ भरलं तर ते इंचाला १२ आटे. त्यात ३१.७५ चा साधा भाग म्हणजे ती मायफोर्ड सिरीज ७ या ब्रिटिश लेथची १⅛ इंची बॅकप्लेट. तुमच्या फ्लॅंजला तिचा उपयोग नाही.

टेलस्टॉक
स्पिंडलच्या फ्लॅंजलाच ८४ वर नवी भोकं पाडली तर?

बीडतुकडा
फ्लॅंजच ८० ची आहे. भोकाचं केंद्र धातूच्या बाहेर २ मिमी हवेत येईल. प्लेट बनवावीच लागणार.

धागाकर्ता
मोजलं. ५७.१ आणि ५९.४. आटे दहाला २१.२. प्लेटची मापं आणि क्रम सांगाल का?

शून्यशून्यएक
बिडाची चकती घ्या, व्यास १०४ संपवायचा, जाडी स्पिगॉटसकट (चकच्या खाचेत बसणारा उंचवटा) २१. कच्ची २४ ची आणा.

आधी कागदावर भोकांचे कोन ठरवा, बहुतेक प्लेटी इथेच वाया जातात. ६६ वरचे एम६ स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) आणि ८४ वरचे एम८ बोल्ट एकाच रेषेत आले तर केंद्रांत फक्त ९ मिमी उरतात, आणि बोल्टचं डोकं बुडवायचं १४ चं रुंद भोक, म्हणजे काउंटरबोअर, स्टडमध्ये घुसतं. चारचा संच तीनच्या संचापासून १५ अंश फिरवा. सर्वात जवळची जोडी १३.२ वर येते, मध्ये ३ मिमी भिंत राहते. काउंटरबोअर टाळता येत नाही, कारण ८४ वरची डोकी फ्लॅंजच्या कडेवर चढतात.

एवढी चकती ८० च्या चकमध्ये बाहेरून धरता येणार नाही. मध्ये ३० चं भोक करा आणि जॉ आतून उघडून धरा. कट हलके.

पहिली बाजू स्पिंडलची. फेसिंग करून ५५ ची खाच ४ खोल बोअर करा. पण चकती अजून चकमध्ये असताना ती स्पिंडलवर लावून बघणार कशी? म्हणून त्याआधी एका तुकड्यावर स्पिंडलच्या उंचवट्याइतक्याच व्यासाची डमी टर्न करून ठेवा, मायक्रोमीटरने मोजून. ती हाताने दाबून आत गेली पाहिजे, हलता कामा नये.

मग ६६ वर तीन भोकं, ५ चं ड्रिल, एम६ टॅप, १२ खोल. आरपार नको. भोकाची कड नेमकी ७२ च्या स्पिगॉटच्या कडेवर येते. स्टड मागे फार लांब ठेवले तर हेडस्टॉकला घासतात. फ्लॅंजमागची फट मोजून कापा, नट सरकवायला जागा ठेवा.

आता चक काढून प्लेट स्पिंडलवर स्टडनी बसवा. प्लेट आणि फ्लॅंज दोन्हींवर समोरासमोर पंचची खूण करा, दर वेळी तशीच लावा. बाहेरचा व्यास, पुढचा फेस आणि ७२ चा स्पिगॉट जागेवरच टर्न करा. स्पिगॉटची उंची ३. खाच ३.५ आहे, म्हणजे चक फेसवर बसेल. स्पिगॉट तळाला आधी टेकला तर चक डुगडुगतो आणि कितीही आवळला तरी तसाच राहतो. इथे डमी नको, चकच लावून बघता येतो.

शेवटी काढून ८४ वर चार भोकं, ८.५ ड्रिल, मागून काउंटरबोअर ९ खोल. बोल्ट एम८×२०. प्लेटमध्ये ९ जातात, चकमध्ये ११. चकच्या भोकाची खोली आधी मोजा. बोल्ट तळाला टेकला तर पाना घट्ट लागतो पण प्लेट सैलच असते.

जोडताना आधी चक प्लेटला, मग प्लेट स्पिंडलला.

टेलस्टॉक
७२ चा फिट किती कडक ठेवायचा?

शून्यशून्यएक
या चकला ०.१ सैल असला तरी बिघडत नाही, जॉब प्रत्येक जॉ सरकवूनच ट्रू करायचा, म्हणजे नेमका केंद्रात आणायचा आहे. फेस मात्र सपाट हवा. फेसवर बिडाचा एक कण राहिला तर जॉब चकजवळ ट्रू दिसतो आणि टोकाला लपकतो, आणि माणूस उगाच जॉवर संशय घेत बसतो. तीन जॉ चकची प्लेट असती तर सैलपणा चालला नसता.

बीडतुकडा
एक राहिलं. प्लेटमुळे चक सुमारे १८ मिमी पुढे येतो, त्यामुळे लांब जॉबला टेलस्टॉकचा आधार घ्या. जॉ बाहेर काढल्यावर क्रॉस स्लाइडला लागू शकतात. कॅरेज जिथपर्यंत न्यायचं आहे तिथे नेऊन, मोटर बंद ठेवून, चक हाताने पूर्ण एक फेरा फिरवा.